दुसऱ्याच्या घरात वाजला पाहिजे

हे गेले तेव्हा त्यांच्या नखांत राळ होती. हॉस्पिटलातल्या सिस्टरनं विचारलं, "हे पिवळं काय हो, हळद?" मी म्हटलं, "राळ. गजाच्या केसांना लावतात." तिला काही कळलं नसावं, पण तिनं मान हलवली... सकाळी चहा घेऊन करवंटी घासायला बसलेला माणूस दुपारी नाही, हे माझ्या तरी डोक्यात कुठे शिरलं होतं? आता महिना उलटून गेलाय. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत अजून ओल्या कातड्याचा वास आहे. इतकी वर्षं ज्याच्यावरून भांडले, तोच जाऊ नये म्हणून आता खिडकी लावून घेते. यांचं नाव मी उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही आणि लिहितानाही ते हातून उतरत नाही, तेव्हा 'हे'वरच भागवून घ्या.

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. जत्रेत आमच्या मीनलनं मातीच्या वाटीची सारंगी घेतली. विकणारा तिच्यावर सिनेमातली गाणी अशी वाजवत होता की पोरगी जागची हलेना. घरी आणली तर दार करकरल्यासारखा आवाज! मीनलनं रडून घर डोक्यावर घेतलं. यांनी ती सारंगी खोलून बघितली आणि मला म्हणाले, "त्या माणसानं फसवलं नाही गं. त्याला येतं म्हणून त्याच्या हातात वाजतं. पण घेणाऱ्याच्या घरी वाजत नसेल, तर ते वाद्य कसलं?" झालं, तिथून या माणसाला खूळ लागलं.

मग नारळाच्या करवंटीचे रावणहत्थे सुरू झाले. करवंटीवर कातडं, वर बांबूची दांडी, तारा, आणि घोड्याच्या केसांचा गज. गोवंडीच्या ढोलकीवाल्याकडून आणलेलं कातडं भिजायचं माझ्या धुण्याच्या बादलीत. वरातीच्या घोडीवाल्याशी यांची दोस्ती. नवरदेव उतरला की हे शेपटीमागे. मालवणहून आलेली माझी आई कपाळाला हात लावायची, "ह्या जावयाक खोबरा नको, करटी व्हयी!" मी चिडायचे, पण खरं सांगायचं तर दिवेलागणीला हे गज ओढून एकच लांब सूर लावत, तेव्हा माझा हात पोळपाटावर थांबायचा. चाळ, नळावरची भांडणं, सगळं कुठेतरी लांब खाडीपलीकडे गेल्यासारखं वाटायचं. तवा तापून धूर निघाला तरी भान नसायचं.

लोक एकेक नेऊ लागले. पण यांचा हट्ट असा, की गिऱ्हाइकापुढे स्वतः वाजवायचं नाही. "मी वाजवलं की तो माझ्या हाताला भुलणार." कसा वाजवायचा ते तोंडी सांगत, बस. आणि मग रविवारी मला घेऊन त्या गिऱ्हाइकाच्या खिडकीखाली जाऊन उभे राहत! वर जायचं नाही, नुसतं ऐकायचं. मुलुंडला एका वॉचमननं हटकलं, "किसको देखता है?" हे म्हणाले, "देखता नहीं, सुनता है." त्यानं आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवलं. बहुतेक खिडक्यांतून काहीच ऐकू यायचं नाही. कितीतरी रावणहत्थे परत आले, यांनी निमूट ठेवून घेतले. रात्रंदिवस हेच करायची ओढ, पण स्वतःलाच बजावलं होतं, "दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या हातानं एक तरी वाजला पाहिजे. तोवर दुकान सोडायचं नाही." मी मनात म्हणायचे, न वाजो बाई, पगार तरी येतोय.

मानखुर्दचे एक ड्रायव्हर, मूळचे परभणीकडचे, एक घेऊन गेले होते. संध्याकाळी आम्ही त्यांच्या चाळीखाली उभे होतो. वाऱ्याला खाऱ्या चिखलाचा वास, वर कुणाकडे तरी कुकरची शिट्टी... आणि तिच्या मागून तो सूर आला. अडखळत, मधेच घसरत, पण करकर नाही. सूरच. गजाबरोबर बांगड्या किणकिणत होत्या.

"अगं, बाई वाजवतेय," हे कुजबुजले. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं.

"वर जाऊ या ना, तिला सांगू या," मी म्हटलं.

"नको. कुणी ऐकतंय हे कळलं की थांबेल ती."

सूर थांबेपर्यंत आम्ही तिथेच होतो. परतताना हे नुसते हसत होते. दुसऱ्या दिवशी दुकानात सांगून आले. पुढची वर्षं ओढाताणीची गेली, नाही म्हणत नाही. पण अंधेरी-बोरिवलीहून लोक पत्ता शोधत यायचे आणि खिडकीखालून परतलं की रात्री जेवताना आमचा एकच विषय असायचा. मला सूर फारसे कळत नाहीत, पण मी जे सांगेन ते हे घास हातात धरून ऐकायचे. यांच्याइतकं माझं कुणीच ऐकलं नाही.

गेल्या आठवड्यात एक तरुण आला. यांनी पुरा केलेला शेवटचा रावणहत्था त्यानं उचलला आणि म्हणाला, "काकू, जरा वाजवून दाखवा ना." मी म्हटलं, "इथे वाजवत नाही आम्ही. घरी ने, हळूहळू वाजेल." बोरिवलीला राहतो म्हणाला, पत्ताही दिला. रविवारी साडी बदलून निघाले होते. जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच बसले. वाजला नाही तर काय, ही भीती नव्हती. वाजला, तर घरी येऊन सांगायचं कुणाला?