ताव अक्षराची खूण

आग्नेल सरांनी मला सातवीत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर, मी मागितलं नसताना, हिब्रू अक्षरं. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा वर्ग भरायचा. आम्ही पाच-सहा बायका आणि कोपऱ्यात डुलक्या काढणारा चर्चचा राखणदार रॉकी. सर सगळ्यात जास्त रंगायचे ते शेवटच्या अक्षरावर. त्याचं नाव ताव. जुन्या काळी ते नुसत्या दोन रेघांची फुली होती. बायबलमधल्या एका संदेष्ट्याला दृष्टांत झाला, त्यात देव म्हणतो की शहरभर फिरा आणि जे उसासे टाकतात, विव्हळतात, त्यांच्या कपाळावर ताव काढा. बाकीच्यांचा संहार होणार, पण खूण असलेल्याला कोणी हात लावायचा नाही. "अक्षरं संपतात तिथे देव रडणाऱ्यांना उभं करतो," असं सर म्हणायचे आणि त्यांचे स्वतःचेच डोळे भरून यायचे. मला मेलीला हसू यायचं.

सरांची बायको, मटिल्डाबाई, गेल्या जूनमध्ये वारली. दोन दिवसांचा ताप, बस. सर रडले नाहीत. दफनाच्या दिवशी नाही, महिन्याने चर्चमध्ये तिच्यासाठी झालेल्या मिस्सालाही नाही. केळींना पाणी लावायचे, वेळेवर जेवायचे, कुणी काही विचारलं तर नीट उत्तर द्यायचे. गुरुवारचा वर्ग तेवढा बंद केला. गाव म्हणालं, खंबीर माणूस. खंबीर कसला! आतून पार बधिर झाला होता.

आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पातींचे क्रूस विणून घरच्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यात, ठेवतात. पुढच्या वर्षी ते चर्चमध्ये जाळायचे आणि त्यांचीच राख उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सगळ्यांच्या कपाळाला. जाळायचं काम वर्षानुवर्षं सरांकडे. यंदा त्यांनी घरोघरचे क्रूस गोळा करून घमेल्यात घातले, आणि त्यातच मटिल्डाबाईंनी विणलेला शेवटचा क्रूसही. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी एलिना नालासोपाऱ्याहून नेमका तोच मागायला आली.

"जाळला," सर म्हणाले. "दरवर्षी जाळतो ना."

ती चहा न घेताच निघून गेली. आमचं कुंपण एकच, मी सगळं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तडक जाऊन म्हटलं, "सर, तेवढा एक बाजूला ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

"सुचलंच नाही, शर्ली. हातात होता तेव्हाही काही वाटलं नाही." मग म्हणाले, "मला भीती वाटते गं. माझं तिच्यावर प्रेम होतं, की नुसती सवय होती?"

भांडायला गेले होते, तशीच परत आले.

बुधवारी फादरांच्या बाजूला दुसऱ्या रांगेला राख लावायला सर उभे होते. प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने एक आडवी, एक उभी. एलिना त्यांच्याच रांगेत आली. सरांनी तिलाही बाकीच्यांसारखीच राख लावली.

रांगा संपल्या. फादर सरांना राख लावायला वळले, तशी सरांनी मान मागे घेतली. मी पुढेच होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"नको फादर. ही खूण रडणाऱ्यांची. मी त्यातला नाही."

फादर गोंधळले. पहिल्या बाकावरून एलिना उठून पुढे गेली. मी मनात म्हटलं, आता ही भर चर्चमध्ये भांडणार.

"पप्पा, मी तरी कुठे रडलेय?" ती म्हणाली. "जूनपासून एकदाही नाही. मम्मीचा क्रूस बघून तरी रडू येईल, म्हणून तो हवा होता. मग मला का लावलीत?"

आठ महिने सगळं गाव सरांची काळजी करत होतं. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मीही नाही, सरांनीही नाही.

फादरांनी राखेची वाटी तिच्यापुढे धरली. सरांनी चष्मा काढला आणि मान खाली केली. एलिनाने एक रेघ आडवी ओढली, एक उभी. दोघांचेही डोळे कोरडेच होते.