साठ मोजेपर्यंत

इस्माईलभाई गेल्याचे कळले तेव्हा मी सालेमच्या शेजारी बसलो होतो. दुपारची ताटे नुकतीच मांडली होती. दापोलीजवळच्या त्यांच्या गावाहून पुतण्याने फोनवर आवाजी निरोप पाठवला होता : "चाचा सकाळी गेले. तुम्हाला कळवायला त्यांनीच सांगून ठेवलं होतं." मी फोन खिशात ठेवला आणि सालेमकडे पाहिले. त्याला हे कसे सांगावे, ते सुचेना. आज सहा आठवडे झाले, अजून सुचलेले नाही...

रियाधच्या भारतीय शाळेतले गणित शिकवण्याचे काम सोडून मी प्रौढ अपंगांच्या या निवासी केंद्रात नोंदी ठेवू लागलो, तेव्हा इस्माईलभाईंना तिथे नऊ वर्षे झाली होती. त्याआधी ते अल सुलैच्या गोदामांत हमाली करत. "आधी पेट्या उचलायचो, आता माणसं उचलतो. पेट्या शिव्या देत नव्हत्या," अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली होती. सालेम त्यांच्याकडे सोपवलेला. वय चाळिशीचे, बोलता येत नाही, उजवा हात सतत थरथरतो. समजते मात्र सारे. त्याला स्वतःच्या हाताने जेवायला शिकवायचे, हे इस्माईलभाईंनी कोणी न सांगता मनावर घेतले. चमच्याच्या दांड्यावर त्यांनी सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली. चमचा ताटाशी ठेवायचा, आपले दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि मनात साठ मोजायचे. तोवर मदत करायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा मी चाळिसालाच पुढे झालो, तर म्हणाले, "गुरुजी, तुमी वर्गात पण उत्तर असंच घाईनं सांगून टाकत होता काय?" चौदा महिन्यांनी सालेम स्वतः जेवू लागला. निम्मा भात मांडीवर सांडे, पण उरलेला निम्मा त्याचा स्वतःचा असे.

इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. आमच्या केंद्राला प्रत्येक रहिवाशामागे दरमहा सरकारी रक्कम मिळते आणि तिचा दर त्याला किती मदत लागते यावर ठरतो. ज्याला भरवावे लागते त्याचा दर मोठा, जो स्वतः जेवतो त्याचा लहान. जास्त श्रमाला जास्त मोबदला, हे तत्त्व म्हणून मला आजही योग्य वाटते. अडचण अशी, की भरवायला दहा मिनिटे लागतात आणि जेवायला शिकवायला पाऊण तास. त्या पाऊण तासासाठी मूल्यमापनाच्या तक्त्यात रकाना नव्हता. दर ठरवणारी सरकारी समिती येण्याच्या आठवडाभर आधी व्यवस्थापकांनी सांगितले, की सालेमचा दर उतरला तर त्या दालनातला एक सेवक कमी करावा लागेल. इस्माईलभाईंचा इकामा, म्हणजे केंद्राने काढून दिलेला राहण्याचा परवाना, संपायला दोन महिने उरले होते आणि धाकट्या मुलीचे फार्मसीचे शेवटचे वर्ष बाकी होते.

तेव्हा मीच त्यांना सुचवले, की त्या एका दिवशी तुम्ही त्याला हाताने भरवा. ते म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी, उत्तर येणाऱ्या पोराला तुमी गप बस म्हणून सांगाल?" पण मुलीचा विचार त्यांनाही सुटत नव्हता... त्या दिवशी त्यांनी चमचा खिशात लपवला आणि घास सालेमच्या ओठांशी नेला. सालेमने तोंड उघडले नाही. समितीचे तिघे पाहत उभे होते. त्याचा थरथरता हात हळूहळू इस्माईलभाईंच्या खिशाकडे गेला आणि चमचा घेऊन बाहेर आला. समितीतले वयस्कर गृहस्थ "माशाल्लाह" म्हणाले आणि त्यांनी तक्त्यावर खूण केली. इस्माईलभाई हसत होते. मी मात्र मनात महिने मोजत होतो.

सालेमचा दर उतरला आणि इकाम्याचे नूतनीकरण झाले नाही. विमानतळाकडे निघताना त्यांनी चमचा माझ्या हाती दिला. "साठ पुरे मोजा, गुरुजी. चाळिसाला फसू नका."

ते गावी परतल्यापासून सालेमने चमचा धरलेला नाही. नवा सेवक भला आहे. पण त्याच्याकडे सहा जण आहेत, म्हणून तो दहा मिनिटांत भरवतो. मंगळवारी समिती पुन्हा येणार आहे. सालेमच्या नावापुढे 'पूर्ण मदत' अशी नोंद झाली तर दर पुन्हा चढेल, व्यवस्थापक निश्चिंत होतील. आणि त्याच्या हाती चमचा द्यावा असे यापुढे कोणालाही वाटण्याचे कारण उरणार नाही. तक्ता माझ्याच टेबलावर आहे. तो रकाना मी अजून कोरा ठेवला आहे.

काल दुपारी मी नव्या सेवकाला थांबायला सांगितले. रबरी मुठीचा चमचा ताटाशी ठेवला, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मोजू लागलो. विसाला सालेमने चमच्याकडे पाहिले. चाळिसाला माझे हात सुटू लागले, ते मी घट्ट धरले. साठ झाले. भात निवत होता. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.