खिडकीच्या उजेडात निवडलेला दात

"तुमचा पुढचा दात नॉन-व्हायटल आहे," मांडवीच्या दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघत सांगितलं. नॉन-व्हायटल, म्हणजे आतली नस मेलेली. आधी रूट कॅनल, म्हणजे मुळाची आतून सफाई, मग वर कॅप. मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. पुढचा दात म्हणजे दिवसभर मुलांच्या डोळ्यांसमोर.

ऐन पावसाळ्यात रूट कॅनल झालं. कॅपचा रंग ठरवायच्या दिवशी डॉक्टरांनी खुर्चीवरचा दिवा बंद केला. "या दिव्यात रंग फसवतो. मी नैसर्गिक उजेडातच बघतो," म्हणाले आणि मला खिडकीशी उभं केलं. मग शेड गाईड काढलं, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे नमुन्याचे दात. त्यातला एक आरशात मलाही तंतोतंत वाटला. पुढच्या खेपेला कॅपही तिथेच लावून पाहिली आणि पक्की चिकटवली.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली. अंगणात जाऊबाई म्हणाल्या, "दाताला काय झालं गो तुझ्या? राख फासल्यासारखा दिसतोय."

आरसा घेऊन उन्हात गेले. बाकीचे दात पिवळसर, मधोमध एक राखाडी. नवरा म्हणाला, "या वयात कोण बघतंय?" अख्खा वर्ग बघत होता. मी तोंडावर हात धरून शिकवू लागले, हसणं सोडून दिलं. मुलं गप्प बसू लागली. बाई चिडल्यात असं त्यांना वाटत असावं. चिडले होतेच.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, सवय होईल." मी तडक दवाखान्यात गेले. त्यांनी पुन्हा खिडकीशी उभं केलं, आणि तिथे दात खरंच जुळत होता. मी वेडी ठरणार, तेवढ्यात त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे लक्ष गेलं. तो निळसर दिसत होता. खिडकीबाहेर पावसाची झड अडवायला निळी ताडपत्री बांधलेली. तिच्यातून येणाऱ्या उजेडात माझ्या दातांचा पिवळेपणा दिसतच नव्हता. इथे निम्म्या घरांना ताडपत्री असते, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही.

"बाहेर चला," मी म्हटलं. रस्त्यावर उन्हात त्यांनी बराच वेळ पाहिलं. "थोडा फरक आहे," म्हणाले. थोडा म्हणे.

कॅप कापून काढली, नवी केली. तुमच्यावर ही वेळ आली तर चिकटवू देण्याआधी आरसा घेऊन उघड्यावर जा. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे. दुसऱ्या वेळी मी तसंच केलं. "आता हसा बघू," ते म्हणाले. मी दात दाखवले, हसले नाही.

सोमवारी वर्गात विचारलं, कोकणातलं मुख्य पीक कोणतं? मागून उत्तर आलं, "चाकरमानी, बाई." मी खदखदून हसले. मुलं आधी दचकली, मग तीही हसली.

घरचे म्हणतात, चूक सुधारली ना, डॉक्टरांचे आभार तरी मान. दात चांगला झालाय, ते कबूल. पण मुलं माझ्या हसण्याला दचकली, त्याबद्दल मी त्या माणसाला माफ केलेलं नाही.