भंडाऱ्यात उमटलेली रेघ

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण यंत्राच्या कामात त्याने लुडबुड करू नये, एवढं माझं ठाम मत होतं. पस्तीस वर्षं कारखान्यात हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त केले. तेल कुठून गळतंय ते मला विचारायचं, असा माझा तोरा. त्या चैत्रात तो पार उतरला.

आईचं माहेर पानशेत धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. गावाबरोबर खंडोबाही नव्या जागी गेला. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा चौथरा पलीकडच्या काठाला उघडा पडतो. आईच्या हृदयाचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं. "त्या चौथऱ्यावर डोकं टेकवून येते, मग काय कापायचं ते कापा," असं तिने डॉक्टरांनाच सांगितलं. मित्राची धरणावरची जुनी मोटरबोट मागून घेतली आणि कर्वेनगरहून आम्ही दोघंच सकाळी निघालो.

काठावर बघतो तर बोटीमागची मोटार वर-खाली करणाऱ्या हायड्रॉलिकमधून तेल गळत होतं. वर उचललेली मोटार हळूहळू खाली बसत होती. पलीकडे पाणी गुडघाभर. मोटार वर राहिली नाही तर पंखा चिखलात रुतणार आणि आजारी आईला घेऊन मी उन्हात अडकणार. मोठ्या सिलिंडरचं सील गेलंय, असं मी ठरवूनच टाकलं. पुसायचं, तेल भरायचं, पुन्हा पुसायचं, असे दोन तास गेले. सगळीकडे तेलच तेल, गळती काही सापडेना. आई झाडाखाली निमूट बसली होती, त्याचाच मला जास्त राग येत होता. शेवटी म्हणालो, "आई, आज नाही जमायचं." ती "बरं" म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. मला ते बघवेना.

म्हशी पाण्यावर घेऊन आलेली एक म्हातारी मघापासून आईजवळ बसून सगळं ऐकत होती. तिने आईच्या पिशवीतली भंडाऱ्याची पुडी मागून घेतली आणि माझ्याकडे आली.

"देवाला निघालाय, अन् इंजिनाला भंडारा नाय लावला व्हय?"

"आजी, त्याला हळद नको, सील हवंय," मी खेकसलो.

"तुमचं बी खरं हाय," म्हणत तिने नुकत्याच पुसलेल्या मोटारीवर मूठभर भंडारा उधळलाच.

मी चिडून फडकं उचललं आणि थबकलो. सिलिंडर पिवळाधमक, कोरडा होता. बाजूच्या एका लहानशा स्क्रूखाली मात्र भंडारा भिजून काळपट रेघ उतरत होती.

माझे वडील फिटर होते. रविवारी मी त्यांच्याजवळ बसून शाळेतल्या खडूची भुकटी करून द्यायचो. गळती सापडेना की ते सगळं पुसून भुकटी फुंकायचे आणि म्हणायचे, "आता हात मागे घे. तीच सांगेल कुठे आहे ते." त्यांच्या सदऱ्याचा तेलकट वास, माझी पांढरी बोटं, सगळं एकदम आठवलं आणि मला रडूच आलं. इतकी वर्षं मी हे विसरलो कसा?

मोटारीखाली ओंडका टेकवून स्क्रू काढला. आतली रबरी रिंग तुटली होती. तशीच एक माझ्या हत्यारांच्या डब्यात निघाली. तेल भरलं, मोटार तीनदा वर-खाली केली. आता ती उचलली तिथेच राहिली.

चौथऱ्यावर आईने डोकं टेकवलं. ऑपरेशनचं काहीच मागितलं नाही. दगडावरून हात फिरवत, "इथे आम्ही सागरगोटे खेळायचो," एवढंच म्हणाली. परतलो तेव्हा म्हातारी तिथेच होती. मी पायांशी वाकलो तर म्हणाली, "माझ्या काय पाया पडताय? ती म्हस तिकडं चाललीय, ती वळवा आधी." मी वळवली.

आई बरी होऊन घरी आली, हे खंडोबाचे उपकार आणि डॉक्टरांचेही. पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो त्याआधीच्या एका क्षणासाठी. ऑपरेशनला नेताना आईने माझा हात घट्ट धरला होता, की मीच तिचा, कोण जाणे. पुडीतला उरलेला भंडारा मी तिच्या कपाळाला लावला. तिला आत न्यायला माणसं आली. मग वडील सांगायचे तसा मी हात मागे घेतला.