बापाने दिलेली खूण

आज एक शिडाची होडी बंदरात येताना पाहिली. होडी चालवणारा तांडेल उभा राहून देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत येतात का ते बघत होता. समुद्रात माणूस असाच जातो, कुणीतरी सांगितलेल्या खुणेवर भरवसा ठेवून.

मलाही बापाने एक खूण दिली होती. होडी सरळ पश्चिमेला न्यायची, मागे वळून बघताना उंच ताड डोंगराच्या खिंडीत दिसला की तिथेच मासळी. लग्नानंतर मी ती नवऱ्याला सांगितली. तो दिवसभर फिरून रिकामी जाळी घेऊन परतला. त्याचे खलाशी मला हसले, "वहिनी, तुमचा ताड चालत गेला वाटतं!" नवऱ्याने समुद्राबद्दल पुन्हा माझं कधी ऐकलं नाही.

मी माहेरी जाऊन बापाला विचारलं. जाळं विणता विणता तो म्हणाला, "मुलगी परक्या गावात जाते. खरी खूण तुझ्या भावाला दिलीय."

गावाची रीत तशीच होती, हे मला ठाऊक आहे. पण खूण दिली तेव्हा मी आठ वर्षांची होते. ताड नीट दिसावा म्हणून बापाने हलत्या होडीत मला खांद्यावर घेतलं होतं.