कॉस्मसच्या तीन हाका

बोरिवली पश्चिमेला मासळी बाजाराला लागून जो रस्ता जातो, तिथं कॉस्मसचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्यानं एकतर त्या रस्त्यावर कधी गाडी लावलेली नाही, किंवा त्यानं कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यावं. एकोणीस वर्षं कॉस्मस टोइंगच्या गाडीवर होता. ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि नको तिथं उभ्या असलेल्या गाडीचा नंबर माइकवर पुकारायचा, एवढंच त्याचं काम. स्कूटर उचलायची ती मागे लटकलेली मंडळी. शिव्या मात्र कॉस्मसच्या वाट्याला. चेहरा त्याचा दिसायचा ना.

माणूस गोराईचा. बापाची होडी होती, आणि खाडीच्या अल्याडून पल्याडच्या माणसाला जेवायला बोलवायचं तर जसा गळा लागतो, तसा गळा घरात सगळ्यांनाच होता. माइक हातात आला आणि त्या गळ्याला नोकरी लागली.

नंबर एकदा पुकारायचा आणि गाडी उचलायची, अशी टोइंगवाल्यांची रीत. कॉस्मस तीनदा पुकारायचा. हे त्यानं कुठून आणलं, तर देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून. त्यांच्यात लग्न ठरलं की तीन रविवार देवळात पुकार होते. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कुणाची हरकत असेल तर येऊन सांगा. पहिल्या रविवारी लोक एकमेकांकडे बघतात, दुसऱ्या रविवारी चौकशा करतात आणि तिसऱ्या रविवारीही कुणी आलं नाही की लग्न पक्कं. त्याचं आणि आयडाचं असंच झालं. तिसऱ्या रविवारी कुणीतरी उठेल अशी मला फार आशा होती, असं आयडा अजून सांगते. कॉस्मसनं मात्र त्यातून एवढंच घेतलं, की कुणाचं काही होत्याचं नव्हतं करायचं असेल, तर आधी तीनदा विचारावं.

त्यामुळे पहिल्या हाकेला तो नंबर आणि रंग सांगायचा, दुसऱ्या हाकेला गाडी कुठल्या दुकानासमोर आहे ते, आणि तिसऱ्या हाकेला म्हणायचा, "शेवटची पुकार. कुणाची हरकत असेल तर आत्ता या, नंतर माझ्याकडं येऊ नका." तेवढ्यात कुणीतरी एका पायात चप्पल घालून धावत यायचंच. टोइंगचा ड्रायव्हर धोंडू स्टिअरिंगवर कपाळ टेकवून विचारायचा, तू गाडी उचलायला आलायस की लग्न लावायला?

मग टोइंग बंद झालं. त्याचं कॉस्मसलाही वाईट वाटलं नाही. मोठ्या मोटारीला हात लावायचा नाही आणि गरिबाची स्कूटर उचलायची, हे त्यालाही कधी पटलं नव्हतं. नवी पद्धत आणली ती वाहतूक विभागाच्या ऑफिसातल्या रुचिका मॅडमनी. तिशीची मुलगी, पायात कॅनव्हासचे बूट. तिनं स्वतः टेप धरून रस्ता मोजला, पुसट पट्टे नव्यानं मारून घेतले, झाडाआड लपलेल्या पाट्या पुढं आणल्या. आता उचलाउचली नाही, हुज्जत नाही. हातात मशीन, गाडीचा फोटो काढायचा, की दंडाची नोटीस थेट मालकाच्या फोनवर. मोटार असो की स्कूटर, नियम एकच. टोइंगवरच्या तिघांना तिनं तीन महिन्यांसाठी घेतलं: मिहिर, कृणाल आणि कॉस्मस. जमलं तर राहायचं, नाही जमलं तर घरी.

कॉस्मस छपन्न वर्षांचा. पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या फोटोंत त्याचा अंगठा होता, तोही गाडीपेक्षा मोठा. पण मशीन जमलं. जमेना ते तोंड बंद ठेवणं. बोलायचं नाही, फोटो काढून पुढं जायचं, असं शिकवणीत चारदा सांगितलं होतं, आणि माइक तर काढूनच घेतला होता. कॉस्मसला माइकची गरज कधी होती? तो फुटपाथवर उभा राहून पहिली हाक द्यायचा. बाजाराच्या तोंडाशी बसणारी सगुणा ती उचलायची आणि कोयत्यावरची सुरमई तशीच ठेवून आत ओरडायची, "लाल स्कूटर कुणाची गं? कॉस्मस दुसरीवर आलाय." तिसऱ्या हाकेपर्यंत फोटो काढायला स्कूटर शिल्लक असली तर नशीब.

दुसरा महिना संपता संपता आकडे आले. मिहिरच्या दिवसाला चाळीस नोटिसा, कृणालच्या पस्तीस, कॉस्मसच्या चार. एका मंगळवारी तर एकही नाही. त्या आठवड्यात निरोप आला, की सोमवारी ऑफिसात येऊन भेटा.

आयडानं ताटात भात वाढता वाढता विषय काढला.

"एक महिना गप बस ना रे. रविवारी देवळात गाणं म्हणायला तोंड उघडत नाहीस, रस्त्यावर कशाला उघडतोस?"

"सवय आहे गं."

"सवय आहे तर घरी बस आणि वाडीतल्या भेंड्यांना हाका मार. त्या कुठं जात नाहीत."

भेंड्यांच्या धास्तीनं म्हणा, पण दुसऱ्या दिवशी कॉस्मस खरंच गप्प राहिला. दुपारपर्यंत अकरा नोटिसा झाल्या. सगुणा दोनदा येऊन विचारून गेली, घसा बसलाय का, काढा देऊ का. बारावी स्कूटर एका प्लंबरची होती. तो दुकानातून नळाचे तुकडे घेऊन बाहेर आला, फोन वाजला म्हणून बघितला आणि जागीच उभा राहिला. तो चिडला असता तर कॉस्मसला चाललं असतं. एकोणीस वर्षांत शिव्यांची त्याला चव कळेनाशी झाली होती. प्लंबर फक्त एवढंच म्हणाला, "काका, एक हाक मारायची होती ना. मी इथंच तर होतो."

तेरावी गाडी कॉस्मसनं तीनदा पुकारली. मग चौदावीही. जायची तर जाऊ दे नोकरी, असं म्हणून त्यानं मनातल्या मनात भेंड्यांना पाणी घालायला सुरुवात केली.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेला. रुचिका मॅडमच्या टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे होते. एवढा वेळ तिनं त्याला बसवून ठेवलं, की समोरचा चहा गार झाला.

"अंकल, या सगळ्या लोकांच्या तक्रारी आहेत," ती शेवटी म्हणाली. "पाटी दिसली नाही, दोनच मिनिटं थांबलो, गाडी बंद पडली होती. मिहिरविरुद्ध तीस, कृणालविरुद्ध सत्तावीस, या एका आठवड्यातल्या. तुमच्याविरुद्ध फक्त एका दिवसाच्या आहेत. बाकी दोन महिन्यांत एकही नाही. असं कसं?"

कॉस्मसला वाटलं, हा सापळा आहे. पण खोटं बोलायला आधी काही सुचावं लागतं.

"हरकत मी आधीच विचारतो, मॅडम. तीनदा. मग ज्याला नोटीस जाते, त्याच्याकडं सांगायला काही उरत नाही. अख्ख्या बाजारानं ऐकलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती न सांगता आली आणि सगुणाच्या टोपलीशेजारी, बुटांवर खवले उडवून घेत तासभर उभी राहिली. तासाभरात सतरा गाड्या हलल्या, एकीला नोटीस गेली, आणि तीन बसगाड्या हॉर्न न वाजवता वळल्या. ती मिहिरच्या रस्त्यावरही जाऊन आली होती. तिथं नोटिसा भराभर जात होत्या आणि गाड्या तिथंच उभ्या होत्या; मालकाला पत्ताच नव्हता. तिनं कॉस्मसला बाजूला घेतलं.

"तुम्हाला कमी करायचा कागद मी शुक्रवारीच टाइप केला होता," ती म्हणाली. "पण एक सांगा. तुम्ही हाक मारणारच, म्हणून मुद्दाम गाडी लावणारे नाहीत का?"

कॉस्मसनं मान डोलावली. आहेत की. समोरचा पडदेवाला आहे, रोज तिसऱ्या हाकेला आरामात येतो आणि वर हसतो. त्याचं काय करायचं, हे कॉस्मसला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं. रुचिकाला सुचलं. नंबर मशीनमध्ये घालायचा; आठवड्यात एकाच गाडीला पुकारायची वेळ तिसऱ्या दिवशीही आली, तर त्या दिवशी हाक नाही, थेट नोटीस. कॉस्मसला हे जरा कडक वाटलं. मग त्याला पडदेवाल्याचं हसू आठवलं आणि कडक वाटायचं थांबलं.

पत्र पंधरा दिवसांनी आलं. त्यात 'तोंडी पूर्वसूचना' आणि 'तीन मिनिटांचा अवधी' असे शब्द होते, तिघांनाही ते बंधनकारक होतं आणि कॉस्मसला एक वर्षाची मुदतवाढ दिली होती. मिहिर लाजरा, पहिल्या दिवशी तो एवढ्या हळू पुकारत होता, की स्कूटरवर बसलेल्या माणसालासुद्धा ऐकू गेलं नाही. पडदेवाल्याला गुरुवारी नोटीस गेली. तक्रार करायला तो तावातावानं बाहेर आला, सगुणाकडे बघितलं आणि परत आत गेला.

आयडानं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. सही बघितली, शिक्का बघितला, घडी घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

"म्हणजे अजून वर्षभर मला पाच वाजता उठून तुझा डबा करायचा," ती म्हणाली, आणि उद्यासाठी कोलंबी सोलायला बसली.