दहाचा प्रस्ताव मंजूर

“बोट उचल त्या बटणावरून. मंजुरीशिवाय काही सुरू करायचं नाही,” बाबा असे ओरडले की विश्रांतवाडीच्या सिग्नलला थांबलेल्या दोन रिक्षांनी घाबरून इंजिनं बंद केली.

मी बोट उचललं. महिनाभर एकेक भाग जमवून, स्क्रूड्रायव्हरने दोन्ही अंगठ्यांची सालं काढून मी घरचा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. खोक्याच्या आत सात रंगांचे दिवे. पहिल्यांदा लावले तेव्हा लोहगावला उतरणारं एक विमान आमच्या बाल्कनीकडे वळलं होतं. आईने वेळेवर पडदा ओढला म्हणून निभावलं. आणि पंखे? समोरच्यांचा वाळत घातलेला पंचा आळंदीच्या दिशेने निघाला, तो अजून परतलेला नाही. आता त्यात विंडोज टाकलं की झालं. घोडं तिथेच अडलं होतं. दहा की अकरा?

माझं मत अकरा. दहाची सुरक्षेची डागडुजी आता थांबली आहे, आणि फोनवर आलेली कुठलीही लिंक उघडून बघायची बाबांना दांडगी हौस. आपल्याला बक्षीस लागल्याची बातमी त्यांनी आजवर चाळीसेक वेळा तितक्याच आशेने उघडली आहे.

बाबांचं मत दहा. कारण खरं होतं, त्यात मी मीठमसाला घालणार नाही. सरकारी ऑफिसात एकतीस वर्षं त्यांनी मराठी टाइपरायटर बडवला. निवृत्तीनंतर जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या फाँटमध्ये, बोटांना सवय असलेल्या टाइपरायटरच्याच पद्धतीने ते आपल्या आईबद्दल, म्हणजे माझ्या आजीबद्दल लिहायला बसले. तीनशे बारा पानं झाली आणि जुन्या कॉम्प्युटरने धूर सोडला. हार्ड डिस्क तेवढी वाचली. जुन्यावर दहाच होतं, त्यामुळे ती पानं दहावर उघडतात हे बाबांना ठाऊक होतं. अकराचं छातीठोकपणे कोणी सांगेना.

“आणि नाही उघडली तर? सगळं परत टाइप करायला मला नव्वदीपर्यंत थांबावं लागेल. सांभाळशील तू?”

“आधी जेवून घ्या दोघं,” आई म्हणाली. “नव्वदीचं नंतर बघू.”

आमच्या घरात निर्णय तोंडी होत नाहीत. फ्रिज घेतला तेव्हाही फाइल झाली होती, आणि तिच्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडून ती कपाटात जाईपर्यंत ते प्रकरण मिटलं असं बाबांनी मानलं नव्हतं. तेव्हा मी फुलस्केप कागदावर रीतसर टिप्पणी लिहिली. विषय, पार्श्वभूमी, दोन्ही बाजू, शेवटी ‘निर्णयार्थ सादर’. अकराची बाजू अशी मांडली की दगडानेही सही ठोकली असती. बाबांनी दोनदा वाचली, एक वेलांटी सुधारली आणि हिरव्या शाईने शेरा मारला: ‘दहा मंजूर.’ नोकरीत हिरवी शाई फक्त साहेबांची असायची. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी हिरव्या पेनांचं खोकंच आणलं होतं.

रविवारी जेवून ते आडवे झाले आणि मी अकरा टाकलं.

मनाशी ठरवलं होतं, पानं उघडली नाहीत तर निमूटपणे पुसून दहा टाकायचं. स्टार्टचं बटण मधोमध आलेलं, ते उचलून डाव्या कोपऱ्यात जुन्या जागी बसवलं. मागचं चित्रही जुनंच लावलं. टाइपिंगचं सॉफ्टवेअर दोनदा रुसलं, तिसऱ्यांदा आत आलं. मग जुनी डिस्क जोडली, फाइलवर टिचकी मारली आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर पहिली ओळ होती: ‘माझ्या आईला घड्याळ कळत नव्हतं, पण कारखान्याच्या भोंग्याआधी ती फाटकावर हजर असायची.’

खाली खाली गेलो. तीनशे बारा. एक काना हललेला नाही. मी असा नाचलो की खालच्या मजल्यावरच्यांनी भूकंप समजून गॅस बंद केला.

आई मागे येऊन उभी. “दहाच ना रे?”

“अकरा.”

“मग त्यांना सांगू नकोस. त्यांनी एकतीस वर्षं साहेबांना असंच खूश ठेवलंय.”

चार वाजता बाबा उठले, चहा घेतला, चष्मा पुसला आणि पान तीनशे तेरा सुरू केलं. कळा अशा वाजू लागल्या की गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकणं सोडून ताल धरला. पुढचे आठ दिवस फोनवर एकच. “जयभीम. हो, सगळी पानं मिळाली. आमच्याकडे दहा मंजूर झालं ना.” ज्याला त्याला दहा. पराक्रम माझा आणि अकराचा, हार मात्र दहाच्या गळ्यात. इथे माझ्या पोटात आग पडलेली. तिच्यावर आईने भाकऱ्या भाजल्या असत्या.

नवव्या दिवशी मला राहवेना. त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो.

“बाबा, एक सांगायचं होतं. हे दहा नाहीये. अकरा आहे.”

बोटं थांबली नाहीत. ओळ पुरी झाली, पूर्णविराम पडला.

“स्क्रीनवरच्या चौकटींचे कोपरे गोल झालेत, ते पहिल्याच दिवशी दिसलं,” बाबा म्हणाले. “पानं उघडली. दप्तरी दाखल.”